सात महिन्यांचं बाळ सतत वस्तू आपटतं. ते काही शिकत असतं का?

तुम्ही लिहिलंय की बाळ एकच चमचा कधी गादीवर, कधी फरशीवर, कधी ताटलीवर आपटत बसतं, आणि हा नुसता गोंगाट आहे की त्याला वस्तू आणि आवाजाचा संबंध कळतोय, असा तुमचा प्रश्न आहे. कळतोय, आणि तो आत्ता कळायला लागलेला नाही. मी बालविकास शिकवते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात होते ती वेळ जुळण्यापासून. दिसणारी हालचाल आणि ऐकू येणारा आवाज एकाच क्षणी आले, की ते एकाच घटनेचे आहेत हे तान्ह्या बाळालाही जाणवतं. १९७६ मध्ये एलिझाबेथ स्पेल्की यांनी चार महिन्यांच्या बाळांना शेजारी शेजारी दोन चित्रफिती दाखवल्या आणि आवाज मात्र एकीचाच लावला. बाळं त्या आवाजाच्या चित्राकडे जास्त वेळ बघत राहिली.

पण वेळ जुळणं वेगळं आणि वस्तू कशाची आहे हे आवाजावरून कळणं वेगळं. लॉरेन बाह्रिक यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका चित्रात लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटत होते, दुसऱ्यात पाण्याने भिजलेले स्पंज. चार महिन्यांच्या बाळांना यातला कोणता आवाज कशाचा, याचा अंदाज होता! पुढे १९८८ मध्ये त्यांनी तीन महिन्यांच्या बाळांना पारदर्शक नळकांड्यात एक मोठी गोटी किंवा पुष्कळ बारीक गोट्या हलवून दाखवल्या. आवाज त्या गोट्यांना शोभणारा असेल आणि हालचालीच्या तालावरही असेल, तरच बाळं ती जोडी शिकली. दोन्हींपैकी एक गोष्ट चुकली की शिकणं झालं नाही.

सात महिन्यांच्या बाळाकडे त्याहून मोठी सोय आहे, ती म्हणजे हात. धातूची कंपनं बराच वेळ टिकतात, म्हणून ताटली खणखणत राहते. लाकूड ती लगेच जिरवतं, म्हणून नुसतं ‘टक्’ होतं. गादी तर आवाज उठूच देत नाही. हा फरक बाळ बघतं, ऐकतं आणि मनगटातही अनुभवतं. पृष्ठभाग बदलून आपटतंय, म्हणजे तुलना चालू आहे.

म्हणूनच बटण दाबलं की गाणं वाजवणारी खेळणी मला फारशी पटत नाहीत. दाबा, आपटा, फेका, आवाज तोच. वस्तू कशाची आहे याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्यापेक्षा लाकडी चमचा, वाटी, पुठ्ठ्याचा डबा द्या. तोंडात जाऊन अडकेल असं किंवा फुटणारं काही नको, इतकंच.

एक मात्र बघा: मागून हाक मारली किंवा काही वाजलं, तर बाळ मान वळवतं का? या वयात वळवत नसेल, तर कानांची तपासणी करून घ्या, थांबू नका.