रक्ताची भीती वाटत असताना सर्जरी विभागात परिचारिकेची नोकरी स्वीकारावी का?

तुम्ही लिहिले आहे की जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर सोलापुरातील एका मोठ्या रुग्णालयात तुमची निवड झाली असून मेडिसिन आणि जनरल सर्जरी यांपैकी एक विभाग निवडायचा आहे. रक्त पाहिले की तुम्हाला घेरी येते म्हणून घरची मंडळी सर्जरी नको म्हणत आहेत, आणि तेथे नेमके काम काय असते हे सांगणारे ओळखीत कोणी नाही. मी याच शहरात जनरल सर्जरीचा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर मिळून चौदा वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम करीत आहे, त्यामुळे अनुभवातलेच सांगते.

रक्ताचा प्रश्न आधी निकालात काढू. थिएटरमधल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात, एका हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सकाळी काही न खाता, तोंडावर मास्क बांधून, गुडघे ताठ ठेवून मी तासभर एकाच जागी उभी होते, आणि घेरी येण्यामागे रक्ताइतकाच या सगळ्याचा हात असतो. न्याहारी करून जावे, पिंढऱ्यांचे स्नायू अधूनमधून आवळावेत आणि सैल सोडावेत, आणि घाम फुटून कानात दडे बसू लागले की कोणाचाही संकोच न करता टेबलापासून मागे सरून सरळ जमिनीवर बसावे. टेबलावर किंवा निर्जंतुक ट्रॉलीवर कोसळण्यापेक्षा ते केव्हाही बरे. बहुतेक मुलींची ही भीती महिन्या-दोन महिन्यांत सरते. तेवढ्यासाठी सर्जरी नाकारू नका.

थिएटर हा या कामाचा लहान भाग आहे. वॉर्डात हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, स्तनातील गाठी, आतड्याला पडलेला पीळ, भाजलेले आणि अपघातातले असे सगळे रुग्ण एका छताखाली असतात. ऊसतोडणीच्या हंगामात कोयत्याने हाता-पायाला खोल जखम झालेले मजूर येतात. उन्हाळ्यात मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले लोक येतात. तापलेल्या जमिनीवरून अनवाणी चालल्याने तळव्याला फोड आलेले असतात, पण वेदनाच नसल्यामुळे पायाला वास येऊ लागेपर्यंत त्यांना ते कळलेले नसते.

या मधुमेही पायांचे ड्रेसिंग हेच तुमचे रोजचे मोठे काम असेल. पट्टी सोडण्यापूर्वी ती सलाइनने भिजवावी लागते, नाही तर चिकटलेल्या गॉजबरोबर नवी कोवळी त्वचाही निघून येते. आत पिवळट-करडा मेलेला थर दिसतो. निवासी डॉक्टर तो कापून काढतात, आपण जखम धुतो, आणि उद्या पुन्हा तेच. पहिले काही दिवस काहीच बदलत नाही असे वाटते. मग एका सकाळी पट्टी काढावी तर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालभडक, खडबडीत, हात लागताच किंचित रक्त येणारा थर उगवलेला दिसतो. ते रक्त पाहून तुम्हाला घेरी येणार नाही, उलट आनंद होईल, कारण जखम भरू लागल्याची ती पहिली खूण आहे. एका आजोबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल अशी चर्चा सुरू असताना त्यांच्या जखमेत हा रंग पहिल्यांदा दिसला, तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनाही बोलावून तो दाखवला होता.

दुसरे मोठे काम बोलण्याचे. आपल्याकडे अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव येथून रुग्ण येतात, तसेच सीमेपलीकडून विजयपूर आणि कलबुर्गीचेही येतात, आणि शहरातल्या पद्मशाली वस्तीतील अनेक वृद्ध स्त्रिया दुखणे तेलुगूतच सांगतात. ‘होट्टे नोवु’ म्हणजे कन्नडमध्ये पोटदुखी, आणि तेलुगूत दुखण्याला ‘नोप्पि’ म्हणतात, एवढे तरी पहिल्या दिवसापासून यावे. ‘नीरु कुडियबेडि’ आणि ‘नीळ्ळु तागवद्दु’, म्हणजे पाणी पिऊ नका, हेही पाठ करा. हे मी उगाच सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी एका आजींनी नवऱ्याला प्रेमाने कपभर चहा पाजला, कारण ‘काही खायचे नाही’ असे त्यांना सांगितले होते आणि चहा हे त्यांच्या लेखी खाणे नव्हते. भूल देताना पोटातले उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून सर्वसाधारणपणे जेवण आणि दूध सहा तास आधी बंद करतात, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालू शकते, आणि दुधाचा चहा पातळ दिसला तरी तो दुधाच्याच हिशेबात धरला जातो. त्यांची शस्त्रक्रिया त्या दिवशी पुढे ढकलावी लागली. चूक आजींची नव्हती, सांगणाऱ्यांची होती, आणि सांगणाऱ्यांत मी होते. तेव्हापासून मी ‘चहासुद्धा नाही’ हे शब्द वेगळे उच्चारते आणि काय समजले ते नातेवाइकांकडून परत वदवून घेते.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विभागात टिकले, ती सांगते. सर्जरीत परिचारिकेला ‘थांबा’ म्हणता यावे लागते, आणि तेही वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला. पोट उघडण्याच्या शस्त्रक्रियेत मॉप (रक्त टिपण्याचे मोठे कापडी तुकडे), गॉज, सुया आणि हत्यारे मोजली जातात: चीर देण्यापूर्वी, पोट शिवण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना पुन्हा. स्क्रब झालेली, म्हणजे हात निर्जंतुक करून टेबलाशी उभी असलेली परिचारिका, आणि बाहेरची, अशा दोघींनी मोठ्याने मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यांत इतका मिसळून जातो की शेजारी पाहूनही दिसत नाही. म्हणूनच त्याला एक्स-रेमध्ये दिसणारा धागा विणलेला असतो आणि त्याची कापडी नाडी बाहेर ठेवून तिला चिमटा लावतात. एका रात्री, फुटलेल्या अल्सरच्या शस्त्रक्रियेच्या शेवटी, फळ्यावर दहा मॉप होते आणि माझ्या हाती नऊच आले. सर्जन अठरा तास ड्यूटीवर होते, पुढचा रुग्ण बाहेर स्ट्रेचरवर होता, आणि ‘तुमचे मोजायला चुकले असेल’ असे कोणीतरी म्हणालेही. मला तेव्हा नोकरीत जेमतेम दोन वर्षे झाली होती. ‘सर, थांबा, एक मॉप कमी आहे’ हे वाक्य उच्चारताना माझा आवाज कापत होता. सरांनी सुई खाली ठेवली, पोट पुन्हा तपासले, आणि मॉप यकृताच्या वर, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली सापडला. कोणीच काही बोलले नाही. नंतर हात धुताना सर एवढेच म्हणाले की, सिस्टर, असेच अडवत जा.

हा धीर एकेकीच्या स्वभावावर सोडून चालत नाही, हे जगभर मान्य झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली: भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे घेऊन रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू, ॲलर्जी, प्रतिजैविक आणि मोजणी मोठ्याने पडताळायची. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, आणि हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या थिएटरमध्ये ही यादी केवळ सह्या करून फाइलला लावली जात असेल, तर पहिल्या महिन्यात गप्प राहून पाहा आणि दुसऱ्या महिन्यापासून ती मोठ्याने वाचू लागा.

हेच ‘थांबा’ वॉर्डात रात्री अडीच वाजता लागते. शस्त्रक्रियेनंतर पोटात आत रक्तस्राव होत असेल तर रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, पण नाडी आधीच वाढू लागते. चार्टवर ८८, मग १०४, मग ११८ असे आकडे चढत असतील, लघवी कमी होत असेल, रुग्ण उगाच अस्वस्थ होऊन पाणी मागत असेल, तर रक्तदाब ११० आहे म्हणून निश्चिंत राहू नका. झोपलेल्या निवासी डॉक्टरांना उठवा. ते चिडले तरी उठवा, आणि किती वाजता कळवले ते नोंदवून ठेवा. एकच आकडा पाहून काही समजत नाही, चढता क्रम पाहावा लागतो, आणि रात्रभर तो पाहणारी व्यक्ती वॉर्डात बहुधा तुम्हीच असता.

मेडिसिन विभाग कमी प्रतीचा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. तेथे औषधांचे ज्ञान अधिक खोल लागते आणि रुग्णाशी ओळख लांबते. परंतु शिकण्याच्या पहिल्या तीन वर्षांत निर्जंतुकता, जखमा आणि तातडीचा निर्णय हे हातात बसावे असे वाटत असेल, तर सर्जरी घ्या. पाय दुखतात, सण घरी होत नाहीत आणि जेवणाची वेळ ठरलेली नसते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

रुजू होण्यापूर्वी एक काम मात्र आजच सुरू करा. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस लागतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, आणि अनेक मुली तिसरा विसरतात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका, ती थेट पांढऱ्या डब्यात टाका. तरीही टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच तासात कळवा, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधे लागलीच तर ती शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. मला एकदा टोचली होती. मी भीतीने संध्याकाळपर्यंत कोणाला सांगितले नाही. तुम्ही तसे करू नका.