लेकीकडे कशाला चाललात?

प्रश्न : कप्तानकाका, सप्रेम नमस्कार. माझी लेक न्यू जर्सीत असते. नोव्हेंबरात तिचं दुसरं बाळंतपण आहे. पहिल्या वेळी मी सहा महिने राहून आले, काही त्रास झाला नाही. तिकडे बाई ठेवणं परवडत नाही, म्हणून आताही मीच जाणार. पण आमच्या वाडीतले एक भाऊजी शिमग्याआधी लेकाकडे निघाले आणि तिसऱ्या दिवशी दारात हजर! विमानतळावरूनच परत पाठवलं म्हणे. बेड्या घातल्या होत्या असंही लोक म्हणतात, ते स्वतः काही बोलत नाहीत. माझा दहा वर्षांचा व्हिसा अजून चालू आहे. तरी परत पाठवतात का? मला इंग्रजी जेमतेम येतं. तिथे काय बोलू?
— सौ. सु. वि., गुहागर तालुका

उत्तर : ताई, मी कप्तान नव्हतो हो, इंजिनरूममधला माणूस. पण देवगडात जहाजावरून उतरलेला प्रत्येक जण कप्तानच असतो, त्यामुळे मी तक्रार करणं सोडून दिलंय.

व्हिसा असला तरी परत पाठवतात. व्हिसा वकिलातीतून मिळतो आणि तो तुम्हाला तिथल्या विमानतळावरच्या काउंटरपर्यंत नेतो. आत घ्यायचं का आणि किती दिवस, हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. मला हे १९९४ साली ह्यूस्टनच्या धक्क्यावर कळलं. इमिग्रेशनवाला जहाजावर चढला, मेसमध्ये टेबल मांडून बसला आणि एकेकाला बोलावू लागला. माझ्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या सरकारी ओळखपुस्तकावर, आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. त्याने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, तीनदा बोट फिरवलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं, ‘डिटेन ऑन बोर्ड’, म्हणजे जहाजावरून खाली उतरायचं नाही. पाच दिवस जहाज धक्क्याला होतं. बाकीचे शहर बघून आले, घरच्यांसाठी साबणाच्या वड्या घेऊन आले, आणि मी गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या जिन्यावर, उभा राहून पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजत होतो. गुन्हा काही नव्हता. तरी आजही ‘डिटेन’ शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, म्हणून तुमचे भाऊजी का बोलत नाहीत ते मी समजू शकतो. बेड्यांचं म्हणाल तर अफवाच असेल असं नाही. विमानतळावरून कोठडीत हलवताना घालतात, वय बघत नाहीत.

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला खटकलं : ‘बाई ठेवणं परवडत नाही, म्हणून मीच जाणार.’ आपल्याकडे आई लेकीच्या बाळंतपणाला जाते तेव्हा ‘काम’ हा शब्द कुणाच्या मनातही येत नाही. शेकशेगडी, न्हाऊ घालणं, अळिवाची खीर, रात्री बाळ पायावर घेऊन बसणं. याला आपण नुसतं ‘करणं’ म्हणतो. ‘तिचं सगळं आईनं केलं’ म्हणतो. अधिकाऱ्याच्या कानाला मात्र ते वाक्य असं ऐकू येतं : इथे एका पगारी बाईची जागा होती, ती भरायला ही बाई पर्यटक व्हिसावर आली आहे. पैसे हातात पडले नाहीत म्हणजे काम नव्हे, असा तिथला हिशोब नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनची एक तरुण मुलगी पाठीवर पिशवी टाकून अमेरिकेतून कॅनडात निघाली होती. ज्या घरी उतरणार तिथे राहण्याच्या बदल्यात घरकाम करणार होती. कॅनडाने त्याला काम म्हटलं आणि परत लावलं, आणि अमेरिकेच्या बाजूला तिला पकडून १९ दिवस कोठडीत ठेवलं. भांडी घासण्यावरून!

मग खोटं बोलायचं का? अजिबात नाही. खोटं सापडलं तर जन्मभराची बंदी येऊ शकते. ‘लेकीला दुसरं बाळ होतंय, तिला आणि नातवंडांना भेटायला आले, फेब्रुवारीत परत जाणार’ यात खोटं अक्षर नाही. पण ते खरंही असू द्या. आजीने नातू मांडीवर घेतला तर कोणी काही म्हणत नाही. बाई ठेवायची की नाही हा लेक-जावयाचा हिशोब आहे, तो तुमच्या तिकिटावर टाकू नका. कामाला एखादी बाई त्यांनी खरोखरच बघून ठेवावी, थोड्या तासांसाठी का होईना. अधिकाऱ्याला तुमचा फोन तपासता येतो, आणि घरच्या ग्रुपवर जावईबापूंचा ‘नॅनी कॅन्सल, आई येतायत’ असा मेसेज हसऱ्या तोंडासकट पडलेला असतो. विमानात बसून तो पुसत बसू नका. मुळात तसं ठरवूच नका.

यंदा सहा महिने राहू नका, हा माझा आग्रह. सहा महिने मिळतात म्हणून दरवेळी सहा महिने राहणारा माणूस पाहुणा वाटत नाही. परतीचं तिकीट फेब्रुवारीचं काढा. ‘परत कशाला जायचं?’ असं विचारलं तर आंब्याचं सांगा. मोहोर आल्यावर फवारणी कोण करणार, राखण कोण करणार? हे त्याला कळो न कळो, तुमच्या तोंडून ते सहज येईल. उतरल्यावर लेकीला आय-९४ ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवरची, तारीख सरकारी साइटवर बघायला सांगा. मुक्कामाची मुदत तीच, व्हिसावरची नव्हे.

समजा, जास्त चौकशीसाठी आतल्या खोलीत नेलंच. तिथे तास-दोन तास बसवतात, कधी जास्तही. वकील बोलावण्याचा हक्क त्या टेबलावर नसतो, पण मराठी दुभाषा मागता येतो, बहुतेक वेळा फोनवर देतात. ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज’ एवढे तीन शब्द पाठ करा. समजलं नाही तरी मान हलवायची आपली जी खोड आहे ती बाणकोटच्या खाडीत सोडून जा, कारण तिथे तुमची प्रश्नोत्तरं टाइप होतात आणि पानापानावर सही घेतात. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. परत पाठवण्याचे दोन प्रकार आहेत. एकात अधिकारी हकालपट्टीचा हुकूम काढतो, त्याला न्यायाधीश लागत नाही, आणि पाच वर्षं दार बंद. दुसऱ्यात तुम्ही स्वतःच प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन परत फिरता. व्हिसा सहसा जातो, पण पाच वर्षांचा शिक्का बसत नाही. हा दुसरा मार्ग द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, पण विचारायला हरकत नाही. कोठडीत ठेवणार असतील तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारातला.

तिकीट अजून काढलं नसेल तर अबू धाबीमार्गे बघा. तिथे अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच होते. नाही म्हटलं तर तुम्ही अबू धाबीतच असता, मुंबईपासून विमानाने साधारण तीन तासांवर. पण त्या वाटेने जायचं तर मसाल्याच्या डब्यात खसखस नको. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजतात.

प्रश्न : माझा भाचा दहावी नापास आहे. एजंट म्हणतो, दुबईला व्हिजिट व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो. ८० हजार मागतोय.
— एक वाचक, राजापूर

उत्तर : देऊ नका. व्हिजिटवर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि २०२४ पासून ठेवणाऱ्या मालकालाही एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. दहावी नसल्यामुळे पासपोर्ट ईसीआर असेल, म्हणजे कामाला जाताना सरकारची परवानगी लागणार. ती चुकवण्यासाठीच हा व्हिजिटचा खेळ. मुंबईच्या विमानतळावर आपलेच लोक उतरवून ठेवतील, पोराची बॅग विमानातून खाली येईल आणि एजंटचा फोन बंद. नोंदणी झालेल्या एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासा.

प्रश्न : आमच्या होमस्टेला जर्मन जोडपं येणार होतं. गोव्याच्या विमानतळावरून परत गेलं. नवा पासपोर्ट, ई-व्हिसा जुन्यावर. अ‍ॅडव्हान्स परत द्यायचा का? परदेशी पाहुण्यांची सरकारकडे नोंद करायच्या सी फॉर्मचं काय?
— वेंगुर्ल्याहून

उत्तर : नव्या पासपोर्टवर येता आलं असतं, जुना बरोबर असता तर. तो घरी कपाटात राहिला असणार. पुढच्या परदेशी पाहुण्यांना बुकिंगच्या मेलमध्येच हे लिहा. सी फॉर्म पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत भरायचा असतो; उतरलेच नाहीत तर कसला फॉर्म? अ‍ॅडव्हान्सचं तुमच्या नियमात असेल तसं करा, पण मी तुमच्या जागी असतो तर निम्मा परत दिला असता. आणि त्यांच्यासाठी सरंगे आणून ठेवले असतील, त्यांचं काय केलंत ते पुढच्या पत्रात कळवा.