मुलाखतीत विचित्र प्रश्न विचारून नेमकं काय कळतं?

‘विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील?’ असं मुलाखतीत विचारलं आणि तुमची बोबडी वळली, तर यातून त्यांना काय कळलं असेल, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते, तुमच्याबद्दल फारसं काहीच नाही.

मी स्वतः असे प्रश्न विचारायचो, म्हणून सांगतो. ‘गटाराचं झाकण गोल का असतं?’ हा माझा लाडका. (गोल झाकण कसंही धरलं तरी आपल्याच भोकातून आत पडत नाही, हे अपेक्षित उत्तर.) एकाने माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर दिलं. मी खूश! त्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, “पण सर, सगळी कुठे गोल असतात? चौकोनीही बघितलीत मी.” तिच्या नावापुढे मी ‘आगाऊ’ लिहिलं आणि त्याला घेतलं. उत्तर पाठ होतं हे कामावर पहिल्याच महिन्यात कळलं. झाकणं चौकोनीही असतात, हे तर मला आधीही माहीत होतं.

२०१३ साली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळप्रमुख लाझलो बॉक यांनी जाहीरपणे सांगितलं, की ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय; विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, तेवढंच. वाचून मला माझाच चेहरा दिसला. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरीसाठी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, त्यातही मोकळ्या गप्पांपेक्षा ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना सरस ठरले. २०२२ च्या फेरतपासणीत या पद्धती कामाचा अंदाज किती नेमका देतात याचे आकडे बरेच खाली आले, तरी ठरावीक प्रश्नांची मुलाखत वरच राहिली.

आता मी आमच्याच कामातला एक तक्ता देतो, त्यात तीन चुका मुद्दाम पेरलेल्या. सगळ्यांना तोच तक्ता, तीच वीस मिनिटं. आपसात बोलायच्या आधी आम्ही प्रत्येक जण गुण लिहून टाकतो, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत चालतं. कंटाळवाणं आहे, कबूल.

अंदाज बांधणं हेच ज्यांचं काम, त्यांना चेंडूंचा प्रश्न विचारायला हरकत नाही. तुम्हाला पुन्हा कुणी विचारलाच, तर आकडा शोधत बसू नका. विमान कुठलं, आतल्या खुर्च्या काढल्यात का, हे आधी विचारा. समोर तेव्हाच्या माझ्यासारखा कुणी बसला असेल, तर मात्र तुम्हीही ‘आगाऊ’ ठराल.