थोडीच लेबलं हवीत? मग हे करा

पन्नास-साठ लेबलांसाठी ऑफसेटच्या, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या, वाटेला जाऊ नका. प्लेटचाच खर्च अंगावर येतो. ए४ स्टिकर शीटवर डिजिटल प्रिंट काढा आणि एकाच शीटवर दोन-तीन उत्पादनांची लेबलं बसवा. डिझाइन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) हवं, कडेला ३ मिमी जादा रंग सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ डोकावते.

तेलाच्या किंवा ओल्या हाताने धरायच्या बाटलीवर साधा इंकजेट कागद अजिबात नको, शाई पसरते. तिथे लेझर प्रिंट आणि विनाइल (प्लास्टिकची) शीटच घ्या. क्राफ्ट (तपकिरी) कागद दिसतो फार देखणा, पण त्यावर फिके रंग मरतात. गडद एकरंगी नक्षीच खुलते.

तारीख छापू नका, शिक्का मारा. उरलेली लेबलं पुढच्या खेपेला चालतात. आणि आधी साध्या कागदावर छापून बाटलीला गुंडाळून बघाच.