वाचक विचारतात : फोमच्या तलवारीचे टोक

मागील अंकात लुटुपुटूच्या लढायांच्या खेळाविषयी मजकूर आल्यानंतर तलवारी कशा बनवाव्यात हे विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या शंकांचे मूळही तेथेच आहे.

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी मैदानावर दोन गट करून लढाई खेळतो. बांबूच्या काठीवर गादीचा स्पंज गुंडाळून त्यावर पॅकिंगची टेप घट्ट लावली आहे. तरीही फटका लागतो आणि अंगावर वळ उठतात. स्पंज आणखी जाड करावा का? (एक महाविद्यालयीन वाचक, पुणे)

उत्तर : स्पंज कितीही जाड केला तरी आपली अडचण सुटणार नाही. गादीच्या स्पंजाची छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे फटका बसताक्षणी त्यातील हवा निघून जाते, तो पूर्ण चेपतो आणि अंगाला काठीच लागते. वरची टेप तर त्याला आधीच आवळून ठेवते. याउलट ज्या फोममध्ये हवा बंद कप्प्यांत अडकलेली असते तो दाबला गेला तरी परत उसळतो. पोहण्याच्या तलावातील नूडल (तरंगण्यासाठी धरतात ती फोमची लांब दांडी, म्हणजेच पूल नूडल), पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम, ईव्हीए या रबरासारख्या फोमची शीट आणि एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी इन्सुलेशन ट्यूब हे सगळे या जातीचे आहेत.

बांबू आधी बाजूला ठेवावा. तो उभा चिरतो आणि चिरलेल्या बांबूची कड फोम फाडून बाहेर येते. लाकडी दांडा मोडला की त्याला भाल्यासारखे टोक येते, आणि लोखंडी सळईचा तर विचारही नको. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास मेरीलँडमध्ये सुरू झालेला डॅगोरहिर आणि १९८३ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे सुरू झालेला अ‍ॅमटगार्ड हे फोमच्या शस्त्रांनी अंगावर प्रत्यक्ष फटके मारण्याचे खेळ आहेत, आणि तेथील खेळाडूंनी गाभ्यासाठी मुख्यतः पीव्हीसी पाइप किंवा फायबरग्लासची दांडी यांचाच आधार घेतला. आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू म्हणजे पाण्याच्या लाइनचा अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिमी असतो, त्यामुळे २२ मिमी पोकळीची इन्सुलेशन ट्यूब त्यावर नीट बसते. ट्यूबच्या भिंतीची जाडी १९ मिमी घ्यावी. ९ मिमीची स्वस्त पडते, पण तिने काम होत नाही. वायरिंगचा पातळ पाइप घेऊ नये, तो वाकतो आणि मग तडकतो. एका हाताच्या तलवारीची एकूण लांबी तीन फूट पुरे आहे.

आता टोकाकडे वळू. पात्याच्या बाजूने बसलेल्या फटक्याचा जोर बऱ्याच लांबीवर विभागला जातो, पण भोसकताना सगळा जोर एका छोट्या वर्तुळावर येतो आणि त्या वर्तुळामागे पाइपची गोल, कडक कड असते. म्हणून पाइपचे तोंड प्रथम एंड कॅप चिकटवून बंद करावे. त्या कॅपवर जुन्या हवाई चपलेच्या तळाची, कॅपहून थोडी मोठी, गोल चकती बसवावी, म्हणजे दाब पसरतो आणि कॅप फोममध्ये घुसत नाही. त्यापुढे ईव्हीए किंवा ईपीईच्या चकत्या एकीवर एक चिकटवून कमीत कमी दोन इंचांचा थर करावा आणि शेवटची एखादी चकती मऊ स्पंजाची ठेवावी. गादीच्या स्पंजाला योग्य अशी या तलवारीतील ही एकच जागा आहे. टोक पुरेसे रुंद झाले की नाही हे पाहण्यासाठी पुठ्ठ्यात अडीच इंच व्यासाचे भोक पाडावे. टोक त्यातून सहज पलीकडे जात असेल, तर ते डोळ्याच्या खोबणीतही जाऊ शकते. वरच्या मापाची ट्यूब बसवल्यावर पाते सुमारे ५९ मिमी होते, म्हणजे भोकापेक्षा किंचित बारीक. त्यामुळे टोकाच्या चकत्या ७० मिमीच्या कापाव्या लागतील.

मुठीच्या मागच्या टोकालाही कॅप आणि फोम हवाच. हा भाग बहुतेकजण विसरतात, आणि गर्दीत मागे खेचलेला हात शेजाऱ्याच्या तोंडावर याच टोकाने आदळतो. तलवार ‘वजनदार वाटावी’ म्हणून पाइपमध्ये वाळू किंवा लोखंडाचे तुकडे भरण्याची कल्पना अनेकांना सुचते, ती तेथेच सोडून द्यावी.

पात्यावर टेपऐवजी जुन्या टी-शर्टच्या होजिअरी कापडाची पिशवी शिवून घालावी. कापड फोमबरोबर चेपते आणि मळले की धुता येते. तयार तलवार प्रथम आपल्याच मांडीवर पूर्ण जोराने मारून पाहावी. जो हे करायला कचरतो त्याची तलवार मैदानात आणू नये, असा नियम आपल्या गटाने केला तर आम्हाला तो पटेल. त्यानंतर अंगठ्याने टोक दाबून कॅपची कड हाताला लागते का ते पाहावे. ही दाबून पाहण्याची तपासणी खेळाच्या प्रत्येक दिवशी आणि प्रत्येक तलवारीची करावी, कारण आतला गाभा हळूहळू पुढे सरकतो आणि बाहेरून ते दिसत नाही. फोम पाइपवर गरगर फिरू लागला असेल किंवा तलवार हलवताना आतून कर्र असा आवाज येत असेल, तर ती त्या दिवशी बाद. उन्हात राहिलेले पीव्हीसी ठिसूळ होते आणि मोडल्यावर त्याचे धारदार तुकडे पडतात, म्हणून गाभा दर हंगामाला बदलावा.

डोके, मान आणि जांघ यांवर फटका वर्ज्य असावा. चष्मा लावणाऱ्यांनी पट्ट्याचा पॉलिकार्बोनेट गॉगल वापरावा.

प्रश्न : फोम पाइपला फेविकॉलने चिकटतच नाही. फेविक्विक आणि ग्लू गन दोन्ही वापरून पाहिले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पांढरा फेविकॉल लाकडासाठी असतो. त्यातील पाणी लाकूड शोषून घेते. पाइप आणि बंद कप्प्यांचा फोम यांच्यामध्ये मात्र ते पाणी अडकून राहते आणि चीक सुकत नाही. फेविक्विक सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि ग्लू गनच्या चिकाचे गोळे फोमखाली खड्यासारखे टोचतात. सुतार ज्याला ‘एसआर’ म्हणतात तो फेविकॉल एसआर किंवा फेविबॉन्ड आणावा. तो दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच, जागेवर, दाबून बसवावे. धीर न धरता ओला असतानाच चिकटवला तर तो निघतो. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते, म्हणून काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीजवळ करावे. थर्माकोल मात्र त्याने विरघळतो.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडून अशी लढाई करून घ्यायची आहे. (एक शिक्षिका, ठाणे)

उत्तर : या वयासाठी गाभाच नको. पूल नूडल मधोमध कापला की दोन तलवारी होतात, एवढे पुरे. जपानमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या स्पोर्ट्स चानबारा या खेळात हवा भरलेल्या नळीच्या तलवारी वापरतात, पण तेथे डोक्यावरचा फटका चालतो आणि त्यासाठी शिरस्त्राण घालतात. आपण शिरस्त्राणे देणार नसाल, तर तो भाग उचलू नये.

प्रश्न : जर्मनीत राहतो. ब्रोकेलो या गावी भरणाऱ्या, अशाच लढायांच्या उन्हाळी मेळाव्यासाठी घेतलेली लॅटेक्सची तलवार गाडीच्या डिकीत राहून चिकट झाली आहे. आईने खोबरेल तेल लावायला सांगितले आहे. (एक वाचक, हॅनोव्हर)

उत्तर : तेल कृपया लावू नये. लॅटेक्स हे नैसर्गिक रबर आहे आणि कोणत्याही तेलाने ते फुगून सडते. कोमट पाण्याने पुसून, सावलीत वाळवून त्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा. पृष्ठभाग बोटाला ताणला जात असेल किंवा भेगा दिसत असतील, तर वरचा थर गेला असे समजावे. पुढे ही तलवार आडवी किंवा टांगून ठेवावी, टोकावर कधीही उभी करू नये. तिच्यातला फायबरग्लासचा गाभा टोकाच्या थोडा अलीकडे संपतो आणि स्वतःच्याच वजनाने फोममध्ये उतरतो. युरोपातील बहुतेक खेळांत गाभ्याच्या लॅटेक्स तलवारीने भोसकायला मनाई आहे ती याचमुळे. तेथे फटकाही शेवटच्या क्षणी आवरून घेतात, त्यामुळे ती तलवार पूर्ण जोराच्या खेळात नेणेही योग्य नाही.

प्रश्न : आमच्या तालमीत फरी-गदगा (ढाल आणि काठी) आहे. तोच फोमच्या तलवारींसमोर वापरला तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. गदगा ही चामड्याने मढवलेली काठी आहे. चामडे काठीला झाकते, फटका शोषत नाही. तेथे सुरक्षितता फरी धरणाऱ्याच्या आणि मारणाऱ्याच्या तयारीतून, वस्तादांच्या नजरेखाली येते, आणि फोमच्या खेळात उतरणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यात कधी काठीही धरलेली नसते. फरीला मात्र हरकत नाही, तिच्या कडेवर ईव्हीएची पट्टी चिकटवून घ्यावी.