१५० सीसी बाइकवर पावसात टिकेल आणि बॅटरी खाणार नाही अशी म्युझिक सिस्टम कोणती घ्यावी? (मुंबई)

खोक्यावरचे ‘५०० वॉट’ विसरा, आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) आकडा विचारा. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज बघा. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२ व्होल्टवर जेमतेम ६० वॉट खेच. ५०० वॉट येणार कुठून?

तुमच्या बाइकला क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर, २० वॉट आरएमएसचे दोन ४ ओहम स्पीकर पुरेत. पूर्ण आवाजात साधारण ४ अँपिअर जातात. आवाज कमी वाटला तर वॉट वाढवू नका, जास्त सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॉटमध्ये मोठा आवाज देणारे) स्पीकर घ्या: ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॉट दिल्यासारखंच. स्पीकरचा कागदी कोन (आतला थरथरणारा पडदा) मुंबईच्या पावसात फुगतो. पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिकचा) कोन आणि आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा वरचं रेटिंग बघा. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात.

खरी गडबड वायरिंगमध्ये होते. पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीलगत, मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (किल्ली फिरवली की आपोआप चालू-बंद होणारा स्विच). रिले नसेल तर किल्ली काढल्यावरही ॲम्प्लिफायर करंट खात राहतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. निगेटिव्हही बॅटरीलाच जोडा. गंजलेल्या चॅसीवर (बाइकच्या सांगाड्यावर) अर्थ दिला, म्हणजे निगेटिव्ह तिथे जोडली, की इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी ऐकू येते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, ते बघा. वायर तिथेच तुटते.

हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथे बंदच ठेवा. एकट्यालाच ऐकायचं असेल तर हेल्मेटमधला ब्लूटूथ सेट बरा, वायरिंगची कटकटच नाही. फक्त हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा.