आहाराचे उलटसुलट सल्ले आणि रोजच्या लहान सवयी

वजन कमी करण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रांचा मजकूर संक्षेपाने दिला असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : एक तज्ज्ञ चरबी सोडा म्हणतात, दुसरे पिष्टमय पदार्थ सोडा म्हणतात. कोणी सकाळची न्याहारी अजिबात चुकवू नका असे बजावतात, तर कोणी दिवसातले सोळा तास उपाशी राहायला सांगतात. मी यांतले तीन सल्ले पाळून पाहिले. प्रत्येक वेळी वजन उतरले आणि काही महिन्यांत परत आले. नेमके कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपण लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीने कोणाचे ना कोणाचे वजन खरोखर उतरलेले असते आणि ती व्यक्ती आपला अनुभव मनापासून सांगत असते. त्यामुळे एकाचे खरे तर दुसऱ्याचे खोटे असणार, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. चरबी सोडा किंवा पिष्टमय पदार्थ सोडा, दोन्हींमध्ये खाण्याच्या पदार्थांची मोठी यादी एकदम बाद होते, येता-जाता तोंडात टाकण्याजोगे फारसे काही उरत नाही आणि दिवसभरात पोटात जाणारी एकूण ऊर्जा घटते. वजन उतरते ते या घटीमुळे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ प्रौढांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी पिष्टमय पदार्थांचा आहार वर्षभर घ्यायला सांगितले. भाज्या भरपूर खाव्यात, साखर आणि मैदा शक्य तितका टाळावा, ही सूचना दोन्ही गटांना सारखीच होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि दुसऱ्याचे ६ किलोने उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट : दोन्ही गटांत काहींचे वजन तीस किलोच्या आसपास उतरले होते, तर काहींचे उलट वाढले होते. म्हणजे दोन आहारांमधल्या फरकापेक्षा एकच आहार घेणाऱ्या माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा होता. त्याआधी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६० जणांना चार गाजलेल्या आहारपद्धतींमध्ये वाटून दिले होते. तेथेही कोणती पद्धत मिळाली यापेक्षा ती किती नेटाने पाळली यावर वजनातली घट अवलंबून असल्याचे दिसले.

आपल्या पत्राचा अर्थ मी असा लावते की तीनही वेळा आपले शरीर अपेक्षेप्रमाणे वागले, परंतु तीनही वेळा तो आहार आपल्या दिनक्रमात मुरला नाही. म्हणून नवा सल्ला कानावर आला की पहिला प्रश्न असा विचारावा : पुढच्या वर्षी याच महिन्यात मी असेच खात असेन का? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या पद्धतीने उतरलेले वजन बहुधा परत येईल.

सल्ला पारखण्यासाठी न्याहारीचे उदाहरण उपयोगी पडते. न्याहारी करणारे लोक सरासरीने सडपातळ असतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आणि त्यावरून ‘न्याहारी चुकवली की वजन वाढते’ हा सल्ला रूढ झाला. परंतु नियमित न्याहारी करणारी माणसे बहुधा व्यायामही अधिक करतात आणि धूम्रपान कमी करतात. तेव्हा सडपातळपणाचे श्रेय न्याहारीलाच कसे द्यायचे? याची तड लावायची तर लोकांना यादृच्छिक पद्धतीने न्याहारी करणारे आणि न करणारे अशा गटांत विभागावे लागते. अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसाकाठी सुमारे २६० कॅलरी अधिक जात होत्या आणि त्यांचे वजन किंचित जास्तच होते. याचा अर्थ न्याहारी वाईट आहे असा मुळीच नाही. सकाळी भूक लागत असेल तर खावे, लागत नसेल तर वजनाच्या भीतीने बळेच खाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. सोळा तासांच्या उपवासाचेही असेच आहे. चीनमध्ये १३९ जणांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात दोन्ही गटांना कॅलरी कमी करायला सांगितले होते आणि त्यांतल्या एकाला आठ तासांच्या आतच खाण्याचे बंधन घातले होते. त्या बंधनाने वजनात लक्षणीय अधिक घट झाली नाही. ज्यांना अशी वेळ ठरवून घेतल्याने रात्रीचे खाणे आवरता येते, त्यांनी ती जरूर पाळावी.

म्हणून कोणताही दावा वाचताना तुलना कशाशी केली आहे, ती किती महिने चालली आणि मोजले काय, हे शोधावे. आठ आठवड्यांच्या प्रयोगावरून आयुष्यभराचा सल्ला निघत नाही. ‘चयापचयाचा वेग वाढतो’ असे सांगून वजनाबद्दल मौन पाळणारा दावा अपुरा समजावा, आणि सल्ला देणाराच भुकटी किंवा गोळ्या विकत असेल तर अधिक सावध राहावे. एरवी कडाडून भांडणाऱ्या तज्ज्ञांचे एकमत कोठे होते, तेही पाहावे. साखर घातलेली पेये कमी करा, भाज्या आणि तंतुमय पदार्थ वाढवा, पुरेशी प्रथिने घ्या, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा, याविषयी त्यांच्यात फारसा वाद नाही. शेवटच्या मुद्द्याला प्रयोगाचा आधारही आहे. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे पदार्थ हवे तेवढे खायला दिले. ताटात वाढलेल्या जेवणांत कॅलरी, साखर, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवलेले असूनही अतिप्रक्रियेच्या आहारावर ती माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती.

प्रश्न : पिष्टमय पदार्थ बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे वजन तीन किलोने उतरले. त्यानंतर मात्र वेग एकदम मंदावला. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून आलेल्या साखरेचा राखीव साठा, साठवलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. पिष्टमय पदार्थ थांबले की हा साठा वापरला जातो आणि त्याच्यासोबतचे पाणीही शरीराबाहेर जाते. पहिल्या आठवड्यातली घट मुख्यतः याची होती. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तीन किलो चरबी सात दिवसांत जाळायची तर रोज ३,३०० कॅलरींची तूट हवी, आणि अनेकांचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो. तेव्हा ‘आठवड्यात तीन किलो’ अशी जाहिरात खोटी नसली तरी त्या तीन किलोंत चरबी किती हे ती सांगत नाही. मंदावलेला वेग हाच खरा वेग समजावा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासऱ्यांचीच तुलना करावी. कारण खारट जेवण, बद्धकोष्ठता, मासिक पाळी किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे काटा एक-दोन किलोंनी सहज इकडेतिकडे होतो.

प्रश्न : माझे काम बैठे आहे, घरी आजारी सासूबाई आणि लहान मूल आहे. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक किंवा व्यायामशाळा यांपैकी काहीच जमणार नाही. लहान सवयींनी खरोखर फरक पडतो का, की ती केवळ समजूत आहे?

उत्तर : फरक पडतो, मात्र तो किती आणि केव्हा पडतो हे आधी समजून घ्यावे, म्हणजे निराशा होणार नाही. रोज शंभर कॅलरी कमी केल्या तर वर्षात पावणेपाच किलो, दोन वर्षांत साडेनऊ किलो, असा सरळ गुणाकार अनेक ठिकाणी छापलेला असतो. तो चुकीचा आहे. कारण वजन घटत जाते तसा शरीराचा खर्चही घटतो आणि घट हळूहळू थांबते. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या गणितानुसार रोजच्या शंभर कॅलरी कायमच्या कमी केल्यास सरासरी प्रौढाचे वजन अखेरीस चार किलोंच्या आसपास उतरते, त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. ही गती संथ आहे खरी, परंतु त्यासाठी आपल्याला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, आणि आपल्यासारख्या भरगच्च दिवसात हाच फायदा निर्णायक आहे.

सुरुवात पेयांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. द्रवरूपातल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे त्या कमी केल्या तरी भूक तितकी वाढत नाही. दिवसात चार कप चहा किंवा कॉफी होत असेल आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर तेथेच सव्वाशे ते दीडशे कॅलरी होतात. साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने कमी केली की जीभ तक्रार करत नाही. फळांचा रस पिण्याऐवजी अख्खे फळ खावे. चावायला वेळ लागतो, त्यातले तंतू पोटात जातात आणि पोट अधिक वेळ भरलेले राहते. त्यानंतर वाढून घेण्याची सवय पाहावी. पाकिटातून किंवा पातेल्यातून थेट खाताना किती खाल्ले हे कळत नाही, म्हणून जे खायचे ते आधी ताटलीत काढून घ्यावे आणि जेवणाची सुरुवात भाजीने करावी.

झोपेकडे आपले दुर्लक्ष होत असणार, असे पत्रावरून वाटते. शिकागोतील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, जास्त वजनाच्या ८० प्रौढांपैकी निम्म्यांना केवळ झोप वाढवायला मदत केली. आहाराविषयी काहीही सांगितले नाही. त्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढली आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत रोजचे खाणे सुमारे २७० कॅलरींनी घटले. आजाऱ्याची शुश्रूषा आणि लहान मूल असताना सव्वा तास मिळणे कठीण आहे, हे मी जाणते. घरातल्या दुसऱ्या कोणाशी रात्रीच्या पाळ्या वाटून घेता आल्या, तर ती मागणी जरूर करावी. ती चैन नव्हे.

चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही. अर्ध्या तासात साधारण १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. परंतु उतरलेले वजन टिकवण्यात आणि हृदय, रक्तशर्करा, मन यांचे आरोग्य राखण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दहा हजार पावलांच्या आकड्याची धास्ती घेऊ नये. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, प्रयोगशाळेतून नव्हे. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालेल.

एका वेळी एकच सवय घ्यावी आणि ती आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या कृतीला जोडावी, जसे दुपारच्या जेवणानंतर लगेच दहा मिनिटे चालणे. लंडनमधील एका अभ्यासात ९६ जणांना नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे पाहिले. मध्यवर्ती आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्ती आणि सवय यांनुसार तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडला नाही, ही त्यातली आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट.

प्रश्न : माझे वजन ९० किलो आहे आणि तक्त्यानुसार ते ६५ असायला हवे. तिथवर पोहोचणे अशक्य वाटते. पाच-सहा किलो उतरवून काही उपयोग आहे का?

उत्तर : निश्चित आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जणांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे वजन सात टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे, एवढेच उद्दिष्ट होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. आपल्या बाबतीत सात टक्के म्हणजे सव्वासहा किलो.

प्रश्न : मी खरोखर फार कमी खाते, तरी वजन हलत नाही. घरचे विश्वास ठेवत नाहीत. माझे चयापचयच मंद असेल का?

उत्तर : आपण खोटे बोलत आहात असे मला क्षणभरही वाटत नाही. स्वतःच्या खाण्याचा अंदाज बांधणे सर्वांनाच अवघड जाते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली, बाराशेहून कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांची काटेकोर मोजणी झाली. त्यांचे चयापचय सामान्य निघाले. मात्र प्रत्यक्ष खाणे त्यांच्या नोंदीपेक्षा बरेच अधिक होते, सरासरी ४७ टक्के खाणे नोंदीतून निसटले होते. पाच दिवस सर्व काही खाताक्षणी लिहून पाहावे : स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेला घास आणि विशेषतः तेल. केवळ १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणून ते चमच्याने मोजूनच घ्यावे.

एवढे करूनही वजन हलत नसेल, किंवा थकवा, थंडी सहन न होणे, पाळीतील अनियमितता अशी लक्षणे असतील, तर डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि चालू औषधांची यादी त्यांना दाखवावी. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरील काही औषधे यांमुळे वजन वाढू शकते. ती स्वतःहून बंद करू नयेत. पर्यायी औषध आहे का, असे डॉक्टरांना विचारावे. गर्भारपणात, बाळाला अंगावर पाजत असताना, वाढीच्या वयात किंवा पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झालेला असल्यास कोणताही कमी कॅलरींचा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून सुरू करू नये, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवास करण्यापूर्वी औषधांची मात्रा बदलावी लागेल का हे विचारून घ्यावे.